कपाटाएवढं व्हायोलिन

मी रेकॉर्ड लावली की माझे बाबा खोलीतून उठून जातात. रागावून नाही, कुरकुरत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं शेजाऱ्यांच्या मुलाचं कौतुक ऐकावं तसं सभ्यपणे ऐकतात, मग गुडघ्यांवर हात टेकून उठतात, "छान आहे. फोटो छान आहे," म्हणतात आणि आपल्या खोलीत निघून जातात.

फोटो! माझी अर्धी हयात ज्या भिंतभर रेकॉर्ड्स गोळा करण्यात गेली, त्यांना माझा सख्खा बाप फोटो म्हणतो.

बाबांनी जन्मभर व्हायोलिनं दुरुस्त केली. फुटलेली, उसवलेली, पाण्यात भिजलेली, कुणी रागाच्या भरात आपटलेली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. लाकूड हवा ढकलतं, ती हवा आपल्या अंगाला येऊन लागते, तो आवाज. बाकी सगळे त्या आवाजाचे फोटो. फोटो चांगला असतो, वाईट असतो, पण फोटोतला माणूस घरी येत नाही. यावर मी काय वाद घालणार? मी घालायचेच, ती गोष्ट वेगळी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि आमच्याकडे तर दोघांचाही पीळ शाबूत आहे.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात ड्रिल फिरवते. तो किरकिराट पेशंटला नकोसा होतो, पण पेशंट अर्ध्या तासात सुटतो. मी सुटत नाही. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर मला चांगला आवाज लागतो, तहान लागावी तसा लागतो. पुढच्या खोलीत माझं सगळं मांडलेलं आहे: टर्नटेबल, ॲम्प्लिफायर, आणि कमरेएवढे दोन स्पीकर. त्या स्पीकरना माझा नवरा 'पाहुणे' म्हणतो. "बसतही नाहीत, जातही नाहीत," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पण त्यांच्यावरची धूळ तोच पुसतो, त्यामुळे मी ऐकून घेते.

लोकांना वाटतं, मला गाण्याचा नाद आहे. गाण्याचा नाद असलेल्याचं बरं असतं, त्याला गाणं आवडलं की झालं. आम्हा लोकांना ते नीट टिपलेलं हवं असतं. गाणारी कितीही गोड असो, मायक्रोफोन भलतीकडे ठेवला असेल, किंवा नंतर कुणा शहाण्याने त्याला घासून-पुसून चकचकीत केलं असेल, तर आमचा जीव तळमळतो. धुरकट खिडकीआड कुणी सुंदर बसलं आहे आणि खिडकी काही उघडत नाही, असं होतं. नीट टिपलेल्या रेकॉर्ड्स फार थोड्या. पोतंभर उपसाव्यात तेव्हा मूठभर मिळतात, आणि तेवढ्यासाठी मी जुन्या बाजारांत, अडगळीच्या दुकानांत, माणूस गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या घरांत गुडघे टेकून खोकी उपसलेली आहेत. दवाखान्यातला कपाळावर बांधायचा दिवा मी पर्समध्ये घेऊन फिरते. दाताची कीड दिसते तसा त्या उजेडात रेकॉर्डवरचा ओरखडा दिसतो.

माझी परीक्षा एकच. सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतची शांतता ऐकायची. वाईट रेकॉर्डमध्ये ती मेलेली असते, कानात कापूस कोंबल्यासारखी. चांगलीत ती जिवंत असते. तिथे खोली असते, कुणीतरी श्वास घेतं, खुर्ची करकरते. ती शांतता ऐकली की मला पुढचं सगळं कळतं. शितावरून भाताची परीक्षा.

तर असं आमचं मजेत चाललं होतं. मी लावायचे, बाबा उठून जायचे, नवरा दोघांना हसायचा. मग गेल्या हिवाळ्यात बाबांच्या हातातली पटाशी सरकली आणि दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या व्हायोलिनच्या छातीवर आरपार चीर गेली. हात अलीकडे थोडा थरथरत होताच. व्हायोलिनवाली बाई काहीच बोलली नाही, उलट बाबांनाच पाणी दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी बाबांनी हत्यारं पुसली, खणात ठेवली आणि खण बंद केला.

त्यानंतर घरातलं व्हायोलिन थांबलं. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की आमच्या घरात कायम कुणीतरी व्हायोलिन वाजवत असायचं. दुरुस्त झालेलं वाद्य न्यायला माणूस आला की बाबांच्या खोलीत तासभर वाजवून बघायचा. कुणी कच्चा, कुणी पक्का, कुणी नुसता कान कोरणारा. मी त्या आवाजात शाळेचा अभ्यास केला, त्या आवाजात झोपले. आता जुनी गिऱ्हाइकं नुसतं भेटायला येतो म्हणाली तरी बाबा नको म्हणायचे. मी म्हटलं, "येऊ देत की, वाजवून दाखवतील." तर म्हणाले, "दाखवतील, आणि मी काय हात जोडून बसू?" दिवसभर खिडकीशी बसायचे. जेवण अर्धं टाकायचे. माझा पीळदार बाप डोळ्यांदेखत सैल होत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

मग मी ठरवलं. बाहेरचा माणूस त्यांना चालत नाही ना? मग फोटोतलाच माणूस घरी आणायचा. एक अशी रेकॉर्ड शोधायची, जी लागल्यावर बाबा उठून जाणार नाहीत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एवढ्या वर्षांत नाही सापडली ती आता सापडणार?" मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत मी माझ्यासाठी शोधत होते."

त्या कामी मी डेसिबलला धरलं. डेसिबल हे आम्ही ठेवलेलं नाव; आमच्या रेकॉर्डवाल्यांतला सगळ्यात दर्दी, आणि सगळ्यात बहिरा होऊ घातलेला माणूस. बँकेतून निवृत्त झाला आणि सगळी फुरसत आवाजात घातली. त्याच्याकडे रेकॉर्ड लागली की वरच्या मजल्यावरची भांडी बोलायला लागतात. त्याने व्हायोलिनच्या एकाहून एक रेकॉर्ड्स सुचवल्या, काही आपल्या दिल्या. "ताई, ही मोठ्याने लावा. बारीकसारीक सगळं बाहेर आलं पाहिजे. तारांवर फिरणाऱ्या गजाचा केसन् केस दिसला पाहिजे." मी लावल्या. केस दिसले. बाबा उठून गेले.

मोठ्या सभागृहातलं झालं, छोट्या सभागृहातलं झालं, पियानोबरोबरचं झालं, एकट्याचं झालं. बाबा कधी तीन मिनिटं थांबत, कधी चार. चार मिनिटं थांबले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला दवाखान्यातून दोनदा फोन करून तेच सांगितलं. पण शेवटी वाक्य तेच. फोटो छान आहे.

ती रेकॉर्ड मिळाली एका रिकाम्या होणाऱ्या घरात. पुस्तकं गेली होती, फर्निचर गेलं होतं, लोखंडी टेबलाखाली एक खोकं उरलं होतं. त्यात बहुतेक सगळा गाळ आणि मधे एक साधं, करडं कव्हर. पुढे काही चित्र नाही. मागे वादकाचं नाव, मला अनोळखी, आणि बारीक अक्षरांत एवढंच, की हे वादन वादकाच्या राहत्या घरी, एका मायक्रोफोनवर टिपलं आहे. मोनो. म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. असल्या रेकॉर्ड्स डेसिबलसारखे लोक चिमट्याने उचलून बाजूला ठेवतात. मी कपाळावर दिवा बांधून ती तिरकी धरली. आरशासारखी स्वच्छ. कुणीतरी जिवापाड जपली होती.

घरी आणून मऊ ब्रशने धुतली, वाळवली, सुई टेकवली. आणि ती शांतता आली. अहाहा! छोटी खोली, छत फार उंच नाही, कुठेतरी लांब एक दार लागलं, माणसाने नाकाने श्वास घेतला. सूर लागायच्या आधीच माझ्या अंगावर काटा उभा राहिला. त्याची वरची तार किंचित उतरलेली होती, ते मला लगेच कळलं, व्हायोलिनवाल्याची पोर आहे मी. चुटपुट लागली, आता हाच दोष काढून बाबा उठतील. पण बाकी इतकं सच्चं होतं की मी धावत जाऊन त्यांना घेऊन आले, माझ्या खुर्चीत बसवलं, आणि त्यातलं काहीएक निसटू नये म्हणून आवाज आणखी वाढवला.

बाबा एक मिनिटही बसले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकले, उठले. या वेळी 'छान' सुद्धा म्हणाले नाहीत.

"ठमे," दारात थांबून ते म्हणाले, "कपाटाएवढं व्हायोलिन मी कधी दुरुस्त केलेलं नाही."

मी चिडले. इतकी चिडले की रेकॉर्ड न पुसताच कव्हरात कोंबली. नवऱ्याला म्हटलं, यांना आनंद व्हायलाच नको आहे, यांना नुसतं नाही म्हणायचं आहे, बसू देत खिडकीत. नवऱ्याने ते करडं कव्हर माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवलं. त्याला कळतं कधी बोलायचं नाही ते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक ट्रकचालक आला होता, दाढ दुखत होती. धिप्पाड माणूस, पण खुर्चीत बसल्याबरोबर त्याने खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी माझी नमुन्याची बत्तिशी पुढे घेतली. प्लॅस्टिकची, सुटकेसएवढी, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवायला ठेवलेली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"एवढे दात कुणाला असतात हो डॉक्टर?"

"कुणालाच नसतात," मी म्हटलं. "बारीकसारीक दिसावं म्हणून मोठे केलेत."

त्याने तोंड उघडलं होतं, माझंही उघडंच राहिलं.

बारीकसारीक दिसावं म्हणून! अगं बाई, तू घरात दुसरं काय करत आलीस? आमची सगळी जमात हेच करते. रेकॉर्ड चांगली की वाईट हे तपासायला आवाज वाढवतो, कारण तपशील बाहेर येतो. मग तोच आवाज खरा मानून बसतो. गजाचा केसन् केस ऐकू येतो खरा, पण खऱ्या खोलीत, खऱ्या माणसापासून चार हात लांब बसलं तर गजाचा केस कुणाला ऐकू येतो? खरं व्हायोलिन हातभर असतं. मी बाबांपुढे आजवर सुटकेसएवढी बत्तिशी वाजवत होते, आणि ते बिचारे सभ्यपणे 'छान आहे' म्हणून उठून जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ट्रकचालकाची दाढ मी फार प्रेमाने काढली.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले तशी मी कामाला लागले. खरं व्हायोलिन आमच्या पुढच्या खोलीत नेमकं किती मोठ्याने वाजतं, ते आधी बघायला हवं होतं. बाबांच्या खोलीत भिंतीवर त्यांचं स्वतःचं व्हायोलिन टांगलेलं आहे. ते काढलं, स्पीकरच्या मधोमध उभी राहिले आणि नवऱ्याला बाबांच्या खोलीत बसवलं. मला वाजवता येत नाही, पण चार मोकळ्या तारांवरून गज ओढता येतो.

"कसं वाटतंय?" मी ओरडले.

"कुणीतरी मांजराला आंघोळ घालतंय," आतून उत्तर आलं.

"आवाज किती येतोय ते सांग, कसा ते नको!"

मग रेकॉर्ड लावली. "आता?"

"आता मांजर बैलाएवढं झालं."

मी आवाजाचं बटण मागे घेतलं. पुन्हा गज ओढला, पुन्हा रेकॉर्ड. "अजून कमी," नवरा म्हणायचा. "अजून. अगं, अजून!" माझं बटण नेहमी घड्याळात बारा वाजल्यासारखं सरळ उभं असतं. ते दहावर आलं, नवावर आलं, आणि आठाच्याही खाली गेलं, जिथे ते मी फक्त बंद करताना नेते. तरी नवरा म्हणाला, "आता मोठं नाही, पण दोन जण वाजवतायत. भिंतभर पसरलंय."

तेही बरोबर. माणूस एक आहे, मायक्रोफोन एक आहे, मग दोन स्पीकर कशाला? मी मागे वाकले आणि उजव्या स्पीकरची वायर काढून टाकली. डेसिबलने हे पाहिलं असतं तर त्याला झीट आली असती. उरलेला एक स्पीकर ढकलत खोलीच्या मधे आणला, साधारण माणूस उभा राहील तिथे. पुन्हा सुई टेकवली. आतून नवऱ्याचा आवाजच येईना.

"काय झालं?" मी विचारलं.

तो दाराशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरची थट्टा पार गेली होती. "मला वाटलं, तुला अचानक वाजवता यायला लागलं," तो म्हणाला.

एवढ्यात फाटक वाजलं. बाबा आले. मी व्हायोलिन जागेवर टांगून येते न येते तोच ते आत शिरले, चप्पल काढली, हातपाय धुतले, इकडेतिकडे न बघता आपल्या खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीचा आवाज झाल्यावर मी सुई टेकवली आणि नवऱ्याचा हात धरून भिंतीला लागून उभी राहिले. तो कुजबुजला, "तुझे हात गार पडलेत." मी त्याला चूप केलं.

शांतता. श्वास. मग व्हायोलिन.

इतकं हळू मी कधीच काही ऐकलं नव्हतं. माझ्यातली दर्दी बाई तडफडत होती, बटणाकडे हात जात होता, तो मी दुसऱ्या हाताने दाबून धरला. पहिली रचना अर्ध्यावर आली. आतून काही नाही. खिडकीत बसले असतील, लक्षच नसेल. मला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण. दुसरी रचना सुरू झाली. ही वरच्या तारेवर बरीच होती. उतरलेली तार उघडी पडायला लागली आणि मी डोळे मिटून घेतले.

"अगं ए," आतून बाबांचा आवाज आला. "कोण आलंय?"

नवऱ्याने माझा हात इतक्या जोरात दाबला की अंगठी रुतली.

"कोण आहे ते? त्याला सांग, वरची तार उतरलीय." थोडं थांबून, जरा चिडून, "खुंटी सरकत असणार. नुसतं पिळून काय होणार आहे! थांब म्हणावं त्याला. आलो मी."

आणि खण उघडल्याचा आवाज झाला.

तो आवाज मी ओळखला नाही असं होणं शक्य नव्हतं. लाकडी खण, थोडा अडकणारा, डावीकडून उचलून ओढावा लागणारा. त्यात हत्यारं एकमेकांवर सरकली. बाबा काहीतरी शोधत होते, पुटपुटत होते. मग ते आले. चष्मा डोक्यावर ढकललेला, हातात खुंटीला लावायचा खडूचा तुकडा, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला रागवायची ती जुनी तयारी. दारात येऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली. माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग चक्क दारामागे डोकावून पाहिलं.

"कुठंय तो?"

मी बोटाने दाखवलं. टर्नटेबल फिरत होतं. व्हायोलिन वाजतच होतं.

बाबा तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. माझं तोंड इतकं रुंदावलं होतं की मला ते मिटताच येईना. मी हसत होते, रडत होते, उड्या मारत होते. दाढा काढणारी, केस पिकलेली बाई, बापासमोर जागच्या जागी नाचत होते. "आला की नाही घरी? आला की नाही? सांगा! फोटो म्हणे!" नवराही टाळ्या वाजवत होता. मी जिंकले होते, आणि मोठेपणाने जिंकायला मला अजिबात जमलं नाही.

बाबांनी हात वर केला. "श्श," ते म्हणाले. "वाजवतोय तो."

आम्ही गप्प झालो. बाबा स्पीकरपासून चार हातांवर, माणसाशी बोलायला उभं राहावं तसे उभे राहिले, हाताची घडी घालून, खडू मुठीत धरून. वरच्या तारेवर सूर गेला की तोंड वाकडं करत. खालच्या तारांवर आला की मान हलवत. "हात बरा आहे," एकदा म्हणाले. नंतर म्हणाले, "तारांखालची घोडी जरा पुढे सरकलीय वाद्याची. कुणाला दाखवत नाही का हा?" मी म्हटलं, "बाबा, खूप जुनी रेकॉर्ड आहे. तो आता असेल-नसेल." पुढच्या रचनेत तार पुन्हा उतरलेली लागली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. नवऱ्याने हळूच माझी खुर्ची पुढे सरकवली आणि बाबा मागे न बघता तिच्यात बसले.

बाजू संपली. सुई शेवटच्या कोऱ्या पट्टीत जाऊन गोल गोल फिरायला लागली. बाबांचे हात गुडघ्यांवर गेले. पण त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला, पुढे वाकून कव्हर उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"दुसऱ्या बाजूला काय आहे?" त्यांनी विचारलं.

आजवर त्यांनी मला हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. मी उठले आणि रेकॉर्ड पालटली.